सव्वातीन सेकंदांची शिट्टी

त्या मंगळवारी दुपारी पावणेचारच्या सुमारास आमच्या विमानतळावर सहा विमानं होती. दोन हँगरमध्ये, त्यातल्या एकाचं इंजिन उतरवून लाकडी घोडीवर ठेवलेलं. दोन बाहेर गवतावर, दोरांनी बांधलेली. दोन हवेत. माणसंही सहाच होती: हवेत तीन, जमिनीवर मिस्त्री, वॉचमन आणि मी. धावपट्टी एक, नऊशे वीस मीटर लांब. वारा दाखवणारी कापडी पिशवी एक, शेवटाकडून फाटलेली. कंट्रोल टॉवर नाही.

टॉवर नाही म्हणजे विमानांना कोणी 'तू थांब, तू ये' असं सांगत नाही. सगळे वैमानिक रेडिओच्या एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात आणि आपण कुठे आहोत ते आपणच सांगतात. बाकीचे ऐकतात आणि प्रत्येकाला मनातल्या मनात आपापल्या जागी ठेवतात. उतरण्याआधी धावपट्टीभोवती एक लांबट चौकोन घ्यायचा असतो. त्या चौकोनाच्या लांब बाजूवर एकदा बोलायचं आणि शेवटी धावपट्टीच्या समोर आलं की पुन्हा एकदा. मधे डोळे उघडे ठेवायचे. एवढीच व्यवस्था.

माझं काम मोजण्याचं होतं. फिजिक्सची पदवी घेऊन मी आठ महिने घरी बसले होते, तेव्हा मावशीने क्लबच्या समितीला सांगून मला हे नऊ आठवड्यांचं काम मिळवून दिलं. किती विमानं आली, किती गेली, कोण रेडिओवर बोललं, कोण नाही. समितीला टॉवर मागायचा होता की टॉवर नको म्हणायचं होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आकडे मात्र हवे होते. ऑफिसातल्या जुन्या रेडिओसमोर एक टेबल, एक वही, एक रेकॉर्डर आणि खिडकी.

मावशी तिथे सव्वीस वर्षं विमान चालवायला शिकवत होती. त्या दुपारी ती एका गणिताच्या शिक्षिकेला चकरा मारायला घेऊन गेली होती. दुसऱ्या विमानात डॉक्टर एकटे होते. डॉक्टर म्हणजे दातांचे. विमान त्यांचं स्वतःचं. सहा वर्षांपूर्वी तेही मावशीकडेच शिकले होते.

झालं ते मी खिडकीतून पाहिलं नाही. मी वहीत मान घालून बसले होते. मिस्त्री ओरडला तेव्हा वर पाहिलं, तर मावशीचं विमान धावपट्टीच्या अलीकडे, शेतांवर, खूप खाली उजवीकडे कलंडलेलं होतं आणि डॉक्टरांचं विमान ते जिथे असायला हवं होतं तिथून सरळ खाली येत होतं. डॉक्टर उतरले, विमान लावलं, चष्मा पुसत ऑफिसात आले आणि "चहा आहे का?" म्हणाले. त्यांना काहीच कळलं नव्हतं. त्यांच्या विमानाचे पंख खाली असतात, त्यामुळे थेट खालचं दिसत नाही. मावशीच्या विमानाचे पंख डोक्यावर असतात, त्यामुळे वरचं दिसत नाही. डॉक्टर जरा उंचावरून आले होते. दोघं एकावर एक वळले होते.

मावशीने डॉक्टरांचं विमान पाहिलंच नव्हतं. तिने सावली पाहिली होती. शेतात तिच्या विमानाची सावली पळत होती आणि मागून दुसरी सावली येऊन तिच्यात शिरायला लागली.

"अंतर किती होतं?" मी मिस्त्रीला विचारलं.

"तुझं आपलं काहीतरीच, शास्त्रज्ञ. मी काय टेप लावून बसलो होतो?" मग जरा वेळाने म्हणाला, "एकाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला असता तर हात पुरला असता."

मी वहीत 'अंदाजे चार मीटर, एक साक्षीदार' असं लिहिलं.

समितीने बुधवारी टेप ऐकली. डॉक्टर बाहेरगावाहून येत होते आणि त्यांनी आमच्या फ्रिक्वेन्सीवर यायला उशीर केला होता, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. मावशी याआधी बोलली होती ती सहा मिनिटांपूर्वी, म्हणजे डॉक्टर फ्रिक्वेन्सीवर येण्याआधी. तेव्हा दोघांनी एकमेकांना ऐकण्याची वेळ एकच होती, चौकोनाच्या लांब बाजूवरची. तीन वाजून एकेचाळीस मिनिटं सोळा सेकंदांना टेपवर एक किंचाळल्यासारखी शिट्टी येते. ती सव्वातीन सेकंद चालते. ती संपता संपता डॉक्टरांच्या आवाजात शेवटचे दोनच शब्द नीट ऐकू येतात: "...धावपट्टी सत्तावीस." (धावपट्टी एकच, सत्तावीस हा तिच्या दिशेचा आकडा.) मावशीचा आवाज कुठेच नाही.

आता, दोघं एकदम बोलले की शिट्टी येते, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. पण आमचा ऑफिसातला सेट हिवाळ्यापासून स्वतःहूनच किंचाळत होता. पंखा लावला की किंचाळायचा, पंखा बंद केला तरी किंचाळायचा. मीसुद्धा वहीत त्यासाठी एक रकाना केला होता: खरखर. त्या मंगळवारी त्या रकान्यात अकरा खुणा होत्या आणि ही त्यातली एक होती.

समितीच्या अध्यक्षांचं म्हणणं सरळ होतं. डॉक्टर बोलले, सेटने त्यांचं वाक्य खाल्लं. बाई, म्हणजे मावशी, बोलल्या नाहीत.

"वय कोणाला चुकलंय का?" ते मला बाहेर व्हरांड्यात म्हणाले. अध्यक्ष टायरचे व्यापारी होते, आवाज मऊ. "साठी जवळ आली. विसरायला होतं. त्यांनी दोन ओळी लिहून द्याव्यात, की त्या दिवशी बोलायचं राहून गेलं, आता थांबते. आपण छान कार्यक्रम करू, फोटो काढू. नाहीतर मला कागद वर पाठवावे लागतील, आणि वरचे लोक फोटो काढत नाहीत."

शनिवारी दुपारी बारापर्यंत मुदत होती. तोवर विमानाची किल्ली अध्यक्षांकडे.

मावशीने घरी येऊन बूट काढले आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. मी भाजी चिरत होते.

"लिहून देते," ती म्हणाली.

"अगं, पण तू बोललीस ना?"

"माहीत नाही."

"असं कसं माहीत नाही?"

"असंच. सव्वीस वर्षांत इतक्या वेळा बोललेय, की त्या एका वेळी बोलले की नाही, हे वेगळं काढता येत नाही. तू सकाळी दात घासलेस?"

"हो."

"आठवतंय, की घासले असणार म्हणून म्हणतेस?"

मी सुरी ठेवली. तिच्या शिष्येलाही विचारून झालं होतं. गणिताच्या बाई म्हणाल्या होत्या, बोलल्या असं वाटतं, पण तो कदाचित आधीच्या चकरेतला आवाज असेल, मी उंचीच्या काट्याकडे बघत होते.

आईचा फोन आला. मावशीने मानेनेच नको म्हटलं, तरी मी तो स्पीकरवर ठेवला, कारण माझे हात ओले होते.

"ताईला सांग, बास झालं आता," आई म्हणाली. "लोकांची पोरं आकाशात फिरवून काय मिळालं? गुडघे तेवढे गेले."

"मी ऐकतेय गं," मावशी म्हणाली.

"ऐकतेयस तर बरंच आहे."

फोन झाल्यावर मावशी थोडी हसली. मग तिथेच, भिंतीला डोकं टेकून, तिला झोप लागली. मंगळवारपासून ती अशी कुठेही, दहा-दहा मिनिटं झोपायची, आणि अंथरुणावर पडली की टक्क जागी.

मी टेप लॅपटॉपवर घेतली. आवाजातले सूर वेगवेगळे करून चित्र काढणारा एक प्रोग्रॅम कॉलेजपासून माझ्याकडे होता. सेटची स्वतःची किंचाळी त्यावर झाडूसारखी दिसत होती, सगळीकडे विस्कटलेल्या रेघा. तिचे आधीच्या आठवड्यांतले काही नमुने मी पाहिले. मंगळवारच्या अकरापैकी दहा तशाच होत्या. तीन-एकेचाळीसची तशी नव्हती. ती एकच बारीक, सरळ रेघ होती, ११८४ हर्ट्झवर.

दोन रेडिओ एकाच फ्रिक्वेन्सीवर लावले तरी ते अगदी तंतोतंत एकाच जागी नसतात. प्रत्येक सेट थोडा इकडे किंवा तिकडे असतो. दोघांनी एकदम बोलायचं बटण दाबलं की ऐकणाऱ्याला त्या दोघांमधला फरक शिट्टी म्हणून ऐकू येतो. ज्यांनी बटण दाबलंय त्यांना मात्र काहीच ऐकू येत नाही, कारण बोलत असताना त्यांचा स्वतःचा रेडिओ ऐकायचं थांबवतो. म्हणजे डॉक्टर बोलत असताना आणखी कोणीतरी बटण दाबलं होतं.

गुरुवारी सकाळी मी हे मावशीला कागदावर काढून दाखवलं. तिने चहा संपेपर्यंत कागद पाहिला.

"आणखी कोणीतरी म्हणजे मीच कशावरून?"

"तेच तर कळायचंय."

"मिस्त्री त्या दुपारी हँगरमधल्या विमानाचा रेडिओ खोलून बसला होता."

हे मला माहीत नव्हतं. मी तशीच सायकल काढून विमानतळावर गेले. मिस्त्री घोडीवरच्या इंजिनाखाली झोपून काहीतरी पिळत होता. फक्त पाय दिसत होते.

"मंगळवारी पावणेचारला तू रेडिओचं बटण दाबलं होतंस का?"

"दाबलं असेल."

"नक्की सांग ना."

"अगं, बटण दुरुस्त करत होतो. दाबल्याशिवाय कसं कळणार दाबलं जातंय की नाही?" तो सरपटत बाहेर आला, कपाळाला काळं लागलेलं. "एकेचाळीसला की अडतीसला, ते मला विचारू नकोस. बाईंसाठी खोटं बोलायचं असेल तर सांग, बोलतो. सव्वीस वर्षं त्यांच्या हातचा डबा खातोय."

"खोटं नकोय."

"मग माझा काही उपयोग नाही," तो म्हणाला आणि पुन्हा आत गेला.

उपयोग होता. प्रत्येक जोडीची शिट्टी वेगळी असणार. डॉक्टर आणि मावशी यांच्या रेडिओंची एक, डॉक्टर आणि हँगरमधल्या विमानाची दुसरी. विमानं जमिनीवर उभी करून, दोघांना एकदम बटण दाबायला लावून, त्याच ऑफिसातल्या सेटवर मोजलं की झालं. हवेतल्या वेगामुळे दहा-वीस हर्ट्झचा फरक पडू शकतो, तेवढा मी सोडणार होते. त्यापेक्षा जास्त नाही. किती सोडायचा ते मी मोजण्याआधीच वहीत लिहून तारीख घातली, कारण नंतर माणूस उदार होतो.

डॉक्टर मात्र हवे होते. त्यांच्या दवाखान्यात मी पाऊण तास बसले. आत कोणाची तरी दाढ निघत होती. मग ते हातमोजे काढत बाहेर आले. दोन दिवसांत त्यांचा चेहरा उतरला होता.

"मला काय सिद्ध करायचंय?" सगळं ऐकून ते म्हणाले. "टेपवर माझा आवाज आहेच."

"तुम्हाला नाही. मावशीला."

"आणि नाही जुळलं तर? बाईंना मी स्वतःच्या हाताने घरी बसवायचं?"

"त्या तशाही शनिवारी लिहून देणार आहेत."

ते पेशंटच्या खुर्चीवर बसले. पाय लांब करून, दिव्याखाली.

"मी चहा मागितला होता," ते म्हणाले. "उतरल्या उतरल्या. मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला, आणि मी म्हटलं, साखर कमी." त्यांनी डोळे मिटले. "शनिवारी किती वाजता?"

"सहाला. विमानं उडायच्या आधी."

शुक्रवारी संध्याकाळी मी ते केलं जे आधीच करायला हवं होतं. नऊ आठवड्यांच्या खरखरीच्या रकान्यातून मी सरळ रेघा शोधल्या. मंगळवारची सोडून सात निघाल्या. त्या त्या वेळी कोण हवेत होतं ते वहीत होतं. सातही वेळा दोन विमानं होती आणि सातही वेळा दोन्ही चालवणारे मावशीचे शिष्य होते. मग मी मला दिसलेल्या सगळ्या विमानांच्या वेळा काढल्या. बाहेरून येणारे वैमानिक त्या लांब बाजूवर कुठेही बोलतात, कोणी सुरुवातीला, कोणी मध्यावर, कोणी वळताना. मावशीचे शिष्य एकाच जागी बोलतात. जास्तीत जास्त दोन सेकंद पुढेमागे.

ते कसं, हे मला विचारायची गरज नव्हती. लहानपणी मीही तिच्या मागच्या सीटवर बसून ऐकलं होतं. खिडकीतून पाहताना पंखाचं टोक धावपट्टीच्या टोकाला लागलेलं दिसलं की बोलायचं. आधी नाही, नंतर नाही. तिच्या हाताखालून गेलेल्या एकसष्ट जणांना तिने हे इतकं घोटून शिकवलं होतं, की दोन शिष्य एकावर एक आले तर दोघांचे अंगठे एकाच क्षणी खाली जाणार. दूर असतील तर एकमेकांना ऐकतील. एकाच ठिकाणी असतील तर नाही.

सांगावं की नाही, असा मी बराच वेळ विचार केला. मग सांगितलं. ती कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढत होती. पाठमोरीच राहिली.

"सात?"

"नऊ आठवड्यांत. आठवी मंगळवारची, ती असेल तर."

"आणि त्याच्या आधीची वर्षं?"

"त्याची टेप नाही."

तिने शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकला, बाह्या नीट केल्या.

"म्हणजे उद्या जुळलं नाही, तर मी विसरले."

"हो."

"आणि जुळलं, तर मी शिकवलं."

मी वही मिटली.

"तुला कशाला गं एवढं मोजायला लावलं मी," ती म्हणाली. रागाने नाही. पिशव्या घेऊन चार जिने चढून आलेल्या माणसासारखी. "जा, झोप. आणि मला पाचला उठव. म्हणजे, जागीच असेन, पण तरी उठव."

शनिवारी सकाळी गवत ओलं होतं. वॉचमनने फाटक उघडलं आणि काही न विचारता परत जाऊन बसला. मिस्त्री किल्ली घेऊन आला. ती त्याने अध्यक्षांकडून कशी आणली, ते कोणी विचारलं नाही. "बॅटरी तपासायची म्हणून सांगितलं," तो स्वतःच म्हणाला. "तपासतोच आहोत की."

डॉक्टर आधीच आले होते. मावशी त्यांच्याकडे गेली. मंगळवारनंतर दोघं पहिल्यांदाच समोरासमोर येत होते.

"बाई," ते म्हणाले आणि गळ्यातल्या मफलरची गाठ ओढत राहिले.

"गळ्यात मफलर कशाला बांधलाय? थंडी कुठे आहे?"

"बायकोने बांधला."

"मग राहू दे." तिने मफलरचं टोक आत खोचलं. "डॉक्टर, मी तुमच्या खाली होते, दिसणार नव्हते. तुमचा दोष नव्हता."

"मी उशिरा आलो फ्रिक्वेन्सीवर."

"तो होता. तो आहेच. त्याचं नंतर बघू."

तीन विमानं ओळीत उभी केली. मावशी तिच्या विमानात बसली, डॉक्टर त्यांच्या, मिस्त्री तिसऱ्यात. रेडिओ गार असताना सूर हलतो, म्हणून पंचवीस मिनिटं सगळे सेट नुसते चालू ठेवले. डॉक्टरांनी मान मागे टाकली होती. मावशी समोरच्या काचेवरचा एक डाग बोटाने पुसत होती, पण तो बाहेरून होता.

मी ऑफिसच्या दारात उभी राहिले, जिथून तिघांनाही मी दिसत होते. आत रेकॉर्डर चालू होता. फ्रिक्वेन्सीवर आधी सांगून टाकलं की जमिनीवर चाचणी चालू आहे. हात वर केला की दाबायचं, खाली केला की सोडायचं, असं ठरलं होतं.

पहिली जोडी डॉक्टर आणि मिस्त्री. हात वर, पाच सेकंद, हात खाली. तीनदा.

मग मिस्त्री उतरला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. दुसरी जोडी डॉक्टर आणि मावशी. मी हात वर केला. काचेमागे मावशीचे ओठ हलताना दिसले. नुसतं बटण पुरेसं होतं, काही बोलायची गरज नव्हती, तसं मी सांगितलंही होतं. पण ती तिचं वाक्य म्हणत होती. शेजारच्या विमानात डॉक्टरही म्हणत होते. आतल्या सेटवर फक्त शिट्टी होती.

तीनदा झाल्यावर मी हात खाली केला आणि आत गेले. लॅपटॉप उघडायला, आवाज त्यात घ्यायला आणि रेघा वाचायला वीस मिनिटं लागली. मावशी दारात येऊन उभी राहिली. मागे डॉक्टर मफलर हातात गुंडाळून उभे होते. प्रत्येक आकडा मी दोनदा वाचला, मग वहीत लिहिला आणि वही त्यांच्याकडे फिरवली.

डॉक्टर आणि हँगरमधलं विमान: ६३८, ६४१, ६३९.

डॉक्टर आणि मावशी: ११७१, ११७४, ११७२.

मंगळवारची टेप, तीन वाजून एकेचाळीस मिनिटं सोळा सेकंद: ११८४.